धूरबंदी आणि खिडकीतली खुर्ची

ग्रंथपालांच्या बायकोला सिगरेटच्या धुराचा राग यायचा, आणि ग्रंथपालांना राग आला की तिला धास्ती वाटायची. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये एकच प्रकार घडायचा. खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसायची. मागच्या बारमधून धूर तरंगत पुढे यायचा. ती मेनूकार्डाने तो वारायची आणि म्हणायची, "अहो, ह्यांना कोणी सांगत का नाही?" ग्रंथपाल खुर्ची मागे सारून उठायला लागायचे. लगेच ती त्यांची बाही धरायची. "तुम्ही नका सांगू हं. बसा खाली. सूप निवतंय."

अशी कित्येक वर्षं गेली. धूर होता तिथे राहिला, सूप निवत राहिलं आणि ग्रंथपालांचं कोणाशी भांडण झालं नाही.

मग ती गेली. हृदयाने गेली, दुपारची, कपड्यांच्या घड्या करता करता. धुराचा काही संबंध नव्हता. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळ्यांनी तो जोडला.

ती गेल्यावर नातेवाईक आले आणि नातेवाईक जे करतात ते त्यांनी केलं. ग्रंथपालांना त्रास नको म्हणून तिचं कपाट रिकामं केलं. त्रास नको म्हणून पलंग हलवला. तिची शिलाईमशीन बहीण घेऊन गेली, तीही त्रास नको म्हणूनच. सगळे आपापल्या घरी परतले तेव्हा ग्रंथपालांना स्वतःच्या घरात दिव्याचं बटण सापडेना. घरातल्या एकूण एक वस्तूला ती नाही हे कळलं होतं.

रेस्टॉरंटमधल्या त्या टेबलाला मात्र अजून कळलं नव्हतं. ग्रंथपाल पुन्हा शनिवारी जायला लागले तेव्हा म्हाताऱ्या वेटरने, काही न विचारता, सवयीने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले. एक इकडे, एक तिकडे. मग आपली चूक लक्षात येऊन त्याने हात पुढे केला. ग्रंथपाल म्हणाले, "राहू दे."

तेव्हापासून दोन ग्लास यायला लागले. ग्रंथपाल अर्धा तास बसायचे, सूप प्यायचे, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे आणि घरी यायचे. आठवड्यातला तेवढा अर्धा तास त्यांना बरा जायचा. बाकीच्या आठवड्याबद्दल न बोललेलं बरं.

त्या शनिवारी धूर नेहमीपेक्षा जास्त होता. तो आला आणि समोरच्या ग्लासवर रेंगाळला. तिच्या बाजूचं मेनूकार्ड तसंच पडलेलं होतं. कोणी वारलं नाही. कोणी काही म्हणालं नाही. ग्रंथपालांनी खुर्ची मागे सारली आणि ते उठायला लागले, आणि उठतच गेले. बाही धरायला कोणी नव्हतं. पूर्ण उभं राहिल्यावर आता पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण इथवर ते कधी पोचलेच नव्हते.

उभं राहिलंच आहे तर, म्हणून ते बारमध्ये गेले.

बारच्या कोपऱ्यात एक रंगकामाचा ठेकेदार बसायचा. त्याला सगळे धुराडं म्हणत. तो स्वतःही फोनवर "हां, धुराडं बोलतोय" असंच सांगायचा. ग्रंथपाल त्याच्यासमोर उभे राहिले आणि वाचनालयात वापरायच्या आवाजात म्हणाले, "इथे धूम्रपान करू नये."

"का?" धुराड्याने विचारलं.

त्याने भांडायला विचारलं नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण ग्रंथपालांची सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेली. तिथे 'का' असं कोणी विचारत नसे.

"नाही, कुठे लिहिलंय का तसं?" धुराड्याने मदतीच्या सुरात विचारलं.

ग्रंथपालांनी भिंतींकडे पाहिलं. आरसा होता, कॅलेंडर होतं, कोणत्या तरी धबधब्याचं चित्र होतं. पाटी नव्हती. पाटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा मार जिव्हारी लागतो. ते परत आले, निवलेलं सूप तसंच ठेवलं आणि मालकाला म्हणाले, "पाटी लावा."

मालक गल्ल्यामागून म्हणाला, "साहेब, लावली असती हो. पण ही सगळी रोजची माणसं. कोणाच्या हुकमाने लावली म्हणून विचारलं तर मी काय सांगू? पालिकेचा कागद आणा, आत्ता लावतो."

ग्रंथपाल घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली. आता ते तिच्यासाठी काहीतरी करणार होते. ती असताना तिने जे करू दिलं नव्हतं, नेमकं तेच. पण हा विचार त्यांनी पुढे नेला नाही.

पालिकेच्या इमारतीत धूर हा विषय कोणत्या खात्याचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. चौकशीच्या खिडकीने त्यांना परवाना विभागात पाठवलं. परवाना विभाग म्हणाला, आम्ही परवानगी देतो, बंदी घालत नाही, बंदी वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्याने बराच विचार करून अग्निशमन दलाकडे बोट दाखवलं. अग्निशमन दलाच्या माणसाने मात्र सगळं ऐकून घेतलं.

"आग लागलीय का?"

"नाही. धूर आहे."

"आग कधीपर्यंत लागेल असं वाटतं?"

"लागणार नाही."

"मग आमचं काय काम, काका?" तो माणूस नाराज होऊन म्हणाला. जणू ग्रंथपालांनी त्याच्यापुढे ताट ठेवून काढून घेतलं होतं.

शेवटी आरोग्य विभाग सापडला. तिथले साहेब जागेवर नव्हते. शिपाई म्हणाला, "बाहेर जिन्यात आहेत. सिगरेट ओढून येतील." ग्रंथपाल बाकावर बसून राहिले. साहेब आले, आपल्याबरोबर थोडा जिनाही घेऊन आले. म्हणजे वास. तक्रार वाचून त्यांनी मान डोलावली.

"विषय चांगला आहे. पण लोकमत काय आहे?"

"कोणाचं?"

"लोकांचं. बार आणि रेस्टॉरंट म्हणजे लोकांची बसायची जागा. उद्या बंदी घातली आणि लोक बोंबलत आले तर? लोकमत आणा. मग वर हलवता येईल."

"तुमचं स्वतःचं मत काय?" ग्रंथपालांनी विचारलं.

साहेबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. "या खुर्चीत असताना मला मत नसतं. जिन्यात आहे, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही."

लोकमत गोळा करायचं ठरलं आणि ती बातमी ग्रंथपाल राहायचे त्या इमारतीत त्यांच्या आधी पोचली. जिन्यातच वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी त्यांना अडवलं. बाई निवृत्त होत्या, पण गणित निवृत्त झालेलं नव्हतं.

"प्रश्न काय विचारणार आहात?"

"विचारणार, की रेस्टॉरंटमध्ये लोक सिगरेटी ओढून दुसऱ्यांच्या नाकातोंडात धूर सोडतात, हे बंद करायला नको का?"

"हा प्रश्न नाही. ही धमकी आहे," बाई म्हणाल्या. "प्रश्न निःपक्षपाती हवा. आणि सिगरेट म्हणजे नेमकं काय? पाइप आला का त्यात? ती वाफेची नळी आली का? उघडी खिडकी धरायची की बंद? उत्तर देणारा स्वतः ओढतो की नाही, ओढत असेल तर सोडायच्या बेतात आहे का?"

बाईंनी त्यांना तासभर जिन्यात उभं केलं. शेवटी प्रश्न एवढा निःपक्षपाती झाला की तो वाचून आपण कोणत्या बाजूचे आहोत हे ग्रंथपालांनाच कळेना.

तेवढ्यात मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो औषधं विकायच्या धंद्यात होता आणि जगात न खपणारी वस्तू नाही असं त्याचं मत होतं.

"भावजी, एवढं कशाला? ताई धुरामुळेच गेली असं सांगा. झटक्यात मतं पडतील."

"ती हृदयाने गेली."

"हृदय कुठे असतं? छातीत. धूर कुठे जातो?"

"ती हृदयाने गेली," ग्रंथपाल पुन्हा म्हणाले. या वेळी वाचनालयातला आवाज लागला. मेहुणा पाणी प्यायला म्हणून शेजारी गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं की ग्रंथपालांच्या बायकोचा जीव रेस्टॉरंटच्या धुराने घेतला.

त्यामुळे ग्रंथपाल दारोदार फिरायला लागले तेव्हा लोकमताचं काही खरं राहिलं नाही. दार उघडलं की समोरचा माणूस त्यांच्याकडे बघायचा, त्यांच्या चुरगळलेल्या शर्टाकडे बघायचा आणि प्रश्न संपायच्या आत म्हणायचा, "हो हो, काका, बंदच करायला पाहिजे." न्हावी हो म्हणाला, शिंपी हो म्हणाला. एक बाई तर दारातच रडायला लागल्या आणि ग्रंथपालांनाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं, त्यांच्याच स्वयंपाकघरातून. सिगरेटच्या टपरीवाल्यानेसुद्धा हो म्हटलं. म्हणाला, "तुमच्यासाठी काहीही, काका," आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पाकीट दिलं. गिऱ्हाइकाने पेटवली आणि तोही हो म्हणाला.

प्रत्येक दारात ग्रंथपाल सांगायचे, "ती हृदयाने गेली, धुराने नाही." त्यावर समोरचा आणखीच कळवळायचा. बघा, अजून मान्यसुद्धा करवत नाही बिचाऱ्याला.

लेकीचा परगावाहून फोन आला. "बाबा, तुम्ही कशाततरी मन गुंतवा असं मी म्हटलं होतं. हे म्हटलं नव्हतं."

"हे चांगलं चाललंय. सगळ्यांचं मत एकच आहे."

"सगळ्यांचं एकच मत कधी असतं का, बाबा? आईचं आणि तुमचं पडद्याच्या रंगावरून एक झालं नाही कधी."

मालकानेही तेच बोलून दाखवलं. तो स्वभावाने वाईट नव्हता, पण धंद्याचा माणूस होता. "साहेब, राग मानू नका. तुमच्या तोंडाकडे बघून कोण नाही म्हणेल? उद्या तुम्ही टेबल-खुर्च्यांवर बंदी मागितलीत तरी लोक हो म्हणतील. गुप्त मत घ्या. माझ्या इथेच घ्या. त्यात आलं तर पालिकेचा कागदसुद्धा नको मला, मीच पाटी लावतो."

ग्रंथपालांचा अपमान झाला होता, पण कुठे झाला हे त्यांना नीट दाखवता येईना. ते गुप्त मतदानाला तयार झाले.

पद्धत गणिताच्या बाईंनी काढली. कागद नको, कारण कागदावरून अक्षर ओळखता येतं. प्रत्येक टेबलावर आगकाड्या असतात आणि दातकोरण्याही असतात. ज्याला धूर हवा त्याने आगकाडी टाकावी, नको असेल त्याने दातकोरणी. मुठीत धरून टाकली की कोणाला कळत नाही. गल्ल्याजवळ लोणच्याच्या रिकाम्या बरणीला बाहेरून कागद गुंडाळून ठेवला. शनिवारी संध्याकाळी मतदान सुरू झालं.

पहिल्याच घटकेला बाईंनी तपासणी म्हणून बरणीत हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. दातकोरणी निघाली होती, ती वापरलेली. लोक आधी दात कोरत होते आणि मग मत देत होते.

बाई खुर्चीवर चढल्या. "ऐका! मत कोरं पाहिजे. वापरलेली काडी बाद! कोणाची हरकत?"

कोणाची हरकत असणार? सगळ्यांनाच शिसारी आली होती. बारमधून सगळ्यात मोठा आवाज धुराड्याचा आला. "बरोबर आहे बाईंचं! शी! थोडी तरी लाज पाहिजे माणसाला. वापरलेली काडी बाद म्हणजे बादच!" बारने टेबलं बडवून दुजोरा दिला.

मग मतमोजणी झाली. मालकाने बरणी टेबलावर उपडी केली आणि सगळे बघत राहिले. दातकोरण्यांचा एक ढीग होता, बराच पांढरा, नियम झाल्यानंतरचा. आगकाड्यांचा ढीग त्याच्या दुप्पट होता. पण तो काळा होता. एकूण एक आगकाडी जळलेली.

बारमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांचा हात आयुष्यभर काडेपेटीत गेला की काडी काढायचा, ओढायचा, सिगरेट पेटवायचा आणि उरलेली काडी मिळेल त्यात टाकायचा. या वेळी बरणी मिळाली, बरणीत टाकली. कोरी आगकाडी टाकून द्यायची ही कल्पना त्यांच्यापैकी कोणाच्या हाताला सुचली नव्हती.

"बाद," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा कापला, पण त्या गणिताच्या होत्या.

सगळी माणसं धुराड्याकडे वळली. आता हा टेबल उलटं करणार असं वाटत होतं. धुराड्याने काड्यांकडे पाहिलं, मग ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपाल दोन्ही हात टेबलावर टेकून बरणीत बघत होते, अजून काही उरलंय का म्हणून. धुराड्याने सिगरेट विझवली. "नियम मीच मान्य केला होता," तो म्हणाला. "लावा पाटी."

पाटी लागली. इतकी मोठी पाटी त्या भागात दुसरी नव्हती. मालकाला एकदा पटलं की तो मागे राहणारा माणूस नव्हता. आत एक, बारमध्ये एक, आणि बाहेरच्या भिंतीवर सगळ्यात मोठी, तिच्यावर खाली लिहिलेलं: 'आमचे जुने ग्राहक ग्रंथपालसाहेब यांच्या अथक प्रयत्नांनी.' ग्रंथपाल त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. तिला दाखवायला हवी होती. तिने म्हटलं असतं, "अहो, हे काय करून बसलात!" पण मग हसली असती. बहुतेक हसली असती.

पुढच्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. रेस्टॉरंटच्या दारात रांग होती.

इतकी वर्षं धुरामुळे जी माणसं फिरकत नव्हती ती सगळी आली होती. बायका आल्या होत्या, पोरं आली होती, आजी-आजोबा आले होते, तान्ही बाळं गाडीत घालून आणली होती. आतली हवा स्वच्छ होती. त्या स्वच्छ हवेत एक पोरगं टेबलाखालून रांगत ग्रंथपालांच्या पायापर्यंत आलं आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडून परत गेलं. मालक इकडून तिकडे पळत होता. ग्रंथपालांना बघून त्याने हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार! या, तुमचं टेबल ठेवलंय."

टेबल खरंच ठेवलेलं होतं. ग्रंथपाल बसले. वेटरने दोन ग्लास आणून ठेवले. ग्रंथपालांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. हवा एवढी स्वच्छ होती की खुर्चीच्या पाठीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. झालं बाई तुझ्या मनासारखं, असं ते मनात म्हणतायत एवढ्यात एक तरुण बाप येऊन उभा राहिला.

"काका, ही खुर्ची घेऊ का? कोणी आहे का इथे?"

हा प्रश्न कोणी विचारेल असं ग्रंथपालांना कधी वाटलं नव्हतं. धुराच्या दिवसांत खिडकीकडे कोणी फिरकतच नसे, तिथे वारा लागून काड्या विझायच्या. आहे म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर… ते तोंड उघडून बसले. तरुण बापाने वाट पाहिली, मग उत्तर नाही असं समजून हसला, "थँक्यू काका," म्हणाला आणि खुर्ची उचलून घेऊन गेला. तिच्यावर त्याची सासू बसली.

त्याच्या पुढच्या शनिवारी ग्रंथपालांनी खुर्चीवर आपली छत्री ठेवली. एक मुलगी हातात आइस्क्रीम घेऊन आली, छत्री टेबलावर ठेवली, खुर्ची ओढत घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी ते आधीच जाऊन बसले आणि कोणी विचारलं की ठामपणे म्हणायचं ठरवलं, "येणारेत." म्हणाले. पण लोक घड्याळ बघायला लागले. "अजून नाही आल्या का?" शेजारच्या टेबलावरच्या आजींनी काळजीने विचारलं. "फोन करून बघा ना." ग्रंथपालांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला, परत ठेवला. आजी म्हणाल्या, "उचलत नाहीत का?" ग्रंथपाल म्हणाले, "नाही."

त्यानंतर वेटर आला. त्याने टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. शेवटी त्याने समोरचा ग्लास उचलला. "साहेब, माफ करा. ग्लास कमी पडतायत." गेला.

ग्रंथपाल दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेले. "पाटी काढा."

मालक हसला. मग तो हसायचा थांबला. "साहेब, थट्टा करताय का?"

"लोकांनी ओढावं. त्यांचा हक्क आहे."

"अहो, मी बाजूचं दुकान घ्यायचं बघतोय! तुमच्या कृपेने! आता पाटी काढू? लोक काय म्हणतील? पुन्हा लोकमत घेता का?"

ग्रंथपालांनी घेतलं. पुन्हा तीच दारं वाजवली. या वेळी मात्र लोकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. न्हावी म्हणाला, "नाही काका, आता बरं आहे." शिंपी म्हणाला, "पोरांना घेऊन जाता येतं." दारात रडलेल्या बाई फणकारल्या, "ज्या धुराने वहिनी गेल्या तो परत आणता? काहीतरीच!" टपरीवाला म्हणाला, "लोक आता बाहेर येऊन ओढतात, काका, आणि बाहेर मी आहे. पाटी राहू द्या." गणिताच्या बाईंनी दार अर्धवटच उघडलं. "पद्धत चुकली होती म्हणताय का?" "नाही, पद्धत बरोबर होती." "मग निकालही बरोबर," बाई म्हणाल्या आणि दार लावलं. पालिकेच्या आरोग्य साहेबांना ते जिन्यात भेटले. साहेब म्हणाले, "अभिनंदन. आम्ही तुमचं उदाहरण सगळीकडे देतोय." आणि ते पुन्हा जिन्यातल्या आपल्या मताकडे वळले.

पहिल्या खेपेला लोकांनी दया म्हणून हो म्हटलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी खरं मत दिलं. खऱ्या लोकमताची चव ग्रंथपालांना पहिल्यांदाच कळली आणि ती त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्या शनिवारी ते गेले तेव्हा खिडकीतल्या टेबलावर दोघं बसली होती. नवरा-बायको, तरुण. बायको मेनूकार्ड वाचत होती. मालक धावत आला. "साहेब, आज फार गर्दी आहे, तुम्ही एकटेच… म्हणजे… काउंटरजवळ स्टूल देऊ का?"

एकटेच हा शब्द मालकाने परत गिळायचा प्रयत्न केला, पण तो बाहेर पडून गेला होता.

"नको," ग्रंथपाल म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर, त्यांच्या नावाच्या मोठ्या पाटीखाली, बारमधली सगळी मंडळी उभी होती. पाटीच्या लोखंडी कडेवर काड्या ओढून ओढून त्यांनी ती काळी केली होती. धुराच्या मागून धुराड्याने हाक मारली. "ग्रंथपाल! जागा नाही का मिळाली?"

ग्रंथपालांनी मान हलवली.

"आम्हालाही नाही मिळाली. तुमचीच कृपा. या, बसा." त्यांनी गोदामातून एक डगमगतं टेबल आणि दोन जुन्या खुर्च्या मिळवून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. ग्रंथपाल बसले. जायला दुसरीकडे कुठे नव्हतं, हे एकच कारण.

"एक विचारू?" थोड्या वेळाने ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही भांडला का नाहीत? काड्या तुमच्या जास्त होत्या."

"कोणाशी भांडू?" धुराड्याने राख झटकली. "त्या दिवशी बरणीत बघताना तुमचं तोंड तुम्ही पाहिलं नाहीत. आणि माझं तर मतच नव्हतं पडलेलं. एका हातात ग्लास, एका हातात सिगरेट. काडी कशाने टाकणार?"

ग्रंथपालांना हसू येण्यासारखं ते होतं, पण हसू आलं नाही. म्हणजे शेवटी हाही दयाच करून गेला. त्यांनी मान खाली घातली. आत खिडकीत ती तरुण बायको नवऱ्याची बाही धरून काहीतरी सांगत होती. काच बंद होती, ऐकू येत नव्हतं.

म्हातारा वेटर बाहेर आला. त्याच्या हातात पाण्याचे दोन ग्लास होते, बारचे, वेगवेगळ्या आकाराचे. एक त्याने ग्रंथपालांपुढे ठेवला, एक समोर. बगलेतलं मेनूकार्ड मध्ये ठेवलं आणि आतून मालकाची हाक आली म्हणून पळाला.

एक नवखा माणूस सिगरेट पेटवत आला, त्याने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ग्रंथपालांचं तोंड उघडलं आणि नेहमीसारखं उघडंच राहिलं.

"ए, ती नको घेऊस," धुराडं म्हणाला. "तिथे बसतात."

"कोण?"

"वहिनी."

नवख्याने इकडेतिकडे पाहिलं, हात काढला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तिथे सगळेच उभे होते.

सगळ्यांनी मिळून सोडलेला धूर पाटीला आपटून खाली वळला आणि टेबलावर उतरला. ग्रंथपालांना खोकला आला. त्यांना कोणाला काही सांगता येण्यासारखं नव्हतं. आत बसायची त्यांनीच सोय ठेवली नव्हती आणि बाहेर त्यांचा हुकूम चालत नव्हता. त्यांनी डोळे पुसले, मेनूकार्ड उचललं, टेबलावरून थोडे पुढे वाकले आणि समोरच्या खुर्चीवरचा धूर वारायला लागले.